नऊ माशांची टाकी : गर्दी कशी झाली आणि कशी उतरवली

मे महिन्याचा शेवटचा आठवडा, मंगळवार, पहाटे सव्वासहा. मावशीचा फोन. "अगं, सगळे मासे वर आलेत. तोंडं उघडी टाकून नुसते तरंगतायत. भूक लागली असेल म्हणून आत्ताच खाणं टाकलं, तर एकही तोंड लावत नाहीये."

मासे वर येऊन तोंड उघडतात ते भुकेने नव्हे, श्वास पुरत नाही म्हणून. पाण्याचा अगदी वरचा पातळ थर हवेला लागून असतो, त्यात प्राणवायू सगळ्यात जास्त. गुदमरलेला मासा तिथे जातो. मी मावशीला एवढंच सांगितलं की आता एक दाणाही टाकू नकोस, टाकलेलं खाणं चहाच्या गाळणीने काढून घे आणि मी पोचेपर्यंत तांब्याने टाकीतलंच पाणी उचलून वरून धार धरत परत टाकीत ओतत राहा. टेस्ट किट, एक जादा एअर पंप आणि माझ्या टाकीतला जुना स्पंज टाकीच्याच पाण्यात बुडवून डब्यात घेतला आणि निघाले.

सिंहगड रस्त्याला पोचायला पाऊण तास लागला. काका स्टुलावर बसून अजून तांब्याने पाणी ओतत होते. बनियन भिजलं होतं, पण हात थांबलेला नव्हता. मी टाकीसमोर बसून आधी मोजणी केली. गोल्डफिश ९, त्यातला एक काळा. शार्क २ (हे दुकानातलं नाव, खरे शार्क नव्हेत), सकर १, टायगर बार्ब ४, गप्पी ६. एकूण २२, आणि कोपऱ्यातल्या प्लॅस्टिकच्या झाडामागे गप्पीची पिल्लं, दिसली तेवढी ७. एक गोल्डफिश तळाशी आडवा पडला होता. त्याच्या कल्ल्याचं झाकण उघडंच राहिलं होतं आणि आतला भाग जास्वंदीसारखा लालभडक दिसत होता, कडेला मात्र तपकिरी. निरोगी कल्ला लालच असतो, पण असा सुजलेला नसतो. दोन्ही शार्कच्या नाकाडावरची कातडी घासून पांढरी पडली होती. हे मासे दचकले की सरळ रेषेत सुसाट सुटतात, आणि दोन फुटांच्या टाकीत सरळ रेषा काचेवर जाऊन संपते.

नऊचा आकडा

टाकी पाडव्याला आली. नव्या घराची वास्तुशांत होती आणि कुणीतरी सुचवलं की दिवाणखान्यात नऊ मासे असावेत, आठ सोनेरी आणि एक काळा. आपल्याकडे अनेक घरांत ही समजूत आहे. तिच्याबरोबर दुसरीही येते : मासा गेला तर घरावरची पीडा त्याने स्वतःवर घेतली असं मानायचं आणि त्याच्या जागी लगेच नवा आणायचा. मावशीची यावर मनापासून श्रद्धा आहे आणि मला तिच्याशी त्यावरून वाद घालायचा नव्हता, अजूनही नाही. पण या प्रकरणात गर्दीचं मूळ इथे आहे, म्हणून ते सांगणं भाग आहे.

टाकी आदल्या दिवशी भरली आणि दुसऱ्या दिवशी नऊ गोल्डफिश एकदम सोडले. नव्या टाकीत माशांची घाण पचवणारे जिवाणू नसतात. मासे मुख्यतः कल्ल्यांमधून अमोनिया सोडतात. जिवाणूंचा एक गट त्याचं नायट्राइट करतो, दुसरा गट नायट्राइटचं नायट्रेट करतो. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही विषारी, नायट्रेट त्या मानाने बरंच सौम्य. हे जिवाणू फिल्टरच्या स्पंजवर, रेतीवर, काचेवर वसतात आणि त्यांची वस्ती पुरेशी व्हायला साधारण चार ते सहा आठवडे जातात. मावशीच्या टाकीत पहिल्या दहा दिवसांत तीन मासे गेले. तिन्ही वेळा दुसऱ्याच दिवशी नवा आला, कारण नऊचे आठ राहून चालणार नव्हतं. त्यामुळे टाकीला सावरायला उसंत मिळालीच नाही. तीन मासे गेल्यावर सहाच ठेवले असते, तर कदाचित त्या सहांवर ती हळूहळू बसली असती.

मग बाकीचे येत गेले. काचेवर हिरवा थर धरू लागला तेव्हा दुकानातून सल्ला मिळाला, सकर घ्या, टाकी साफ ठेवतो. सकर शेवाळ खरवडतो हे खरं, पण खाल्लेलं पोटातून बाहेरही टाकतो. काळपट दोरीसारखे लांब धागे तळाशी पडतात, ती त्याची विष्ठा. म्हणजे घाण काचेवरून उठून तळाला गेली, वर त्याच्या स्वतःच्या अमोनियाची भर पडली. बोटाएवढा विकला जाणारा हा मासा फूट-दीड फुटाचा होतो. शार्क मावसभावाला आवडले म्हणून आले. दुकानात ज्याला शार्क म्हणतात तो पंगासियस, तळ्यात पाळून खायला विकतात तोच. पूर्ण वाढला की मीटरभराच्या पुढे जातो. टायगर बार्ब काकांनी पट्टे आवडले म्हणून घेतले आणि गप्पी शेजारच्या काकूंनी पिशवीत घालून आणून दिले. कुणीच निष्काळजीपणे काही केलेलं नाही. प्रत्येक वेळी टाकीत जागा दिसत होती आणि प्रत्येक वेळी चार मासे जास्त म्हणजे फार काही नाही असंच वाटत होतं.

सत्तर लिटर की शेहेचाळीस

दुकानदाराचा हिशेब मी काकांकडून नीट ऐकून घेतला, कारण तो वरवर बरोबर होता. टाकी २४ बाय १२ बाय १५ इंची. सेंटिमीटरमध्ये ६० बाय ३० बाय ३८, म्हणजे ६८ लिटर. एका गॅलनला, म्हणजे ३.८ लिटरला, एक इंच मासा हा जुना ठोकताळा. ६८ लिटरचे १८ गॅलन. नऊ गोल्डफिश, प्रत्येकी दोन इंच, झाले १८ इंच. हिशेब काट्यावर जुळतो.

आता मोजपट्टी आत घालू. पाच मिलिमीटरची काच दोन्ही बाजूंना वजा केली की आतली लांबी-रुंदी ५९ आणि २९. तळाला ५ सेंटिमीटर रेती. वर ४ सेंटिमीटर जागा रिकामी. पाण्याची खरी उंची २९. गुणाकार केला की साडेएकोणपन्नास लिटर. त्यातून दगड आणि मधोमध ठेवलेला मातीचा किल्ला वजा केला की उरतं ४६ लिटरच्या आसपास, म्हणजे १२ गॅलन. पहिल्याच दिवशी टाकी दीडपट भरलेली होती.

आणि मासा दोन इंचांचा राहत नाही. दुकानात असतो तो पिल्लू. गोल शरीराचे 'फॅन्सी' गोल्डफिशही नीट सांभाळले तर पाच-सहा इंच सहज होतात. सहा इंचांनी नऊ मासे म्हणजे ५४ इंच. त्यातही इंच मोजण्यात मोठी गफलत आहे. लांबी दुप्पट झाली की मासा जाडीलाही वाढतो आणि उंचीलाही, त्यामुळे वजन साधारण आठपट होतं. अमोनिया किती सुटणार, प्राणवायू किती लागणार हे वजनावर आणि खाण्यावर ठरतं, लांबीवर नाही. एक-एक इंचाचे दहा निऑन टेट्रा आणि दहा इंचांचा एक ऑस्कर ठोकताळ्यात सारखे धरले जातात, आणि त्या ऑस्करसाठी निऑन म्हणजे खाऊ असतो. अडीच इंचांपेक्षा मोठ्या किंवा अंगाने जाड माशाला हा ठोकताळा लावूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

मी मोजते खाण्यावरून. मावशी दिवसाला तीन चिमट्या टाकायची. तिच्याच हाताने तीन चिमट्या कागदावर टाकायला लावल्या आणि काकांच्या ओळखीच्या सोनाराच्या काट्यावर तोलून आणल्या : दीड ग्रॅम. खाण्याच्या डब्यावर प्रथिनं ४० टक्के छापलेली, म्हणजे ०.६ ग्रॅम. प्रथिनांत नायट्रोजन साधारण १६ टक्के, म्हणजे ९६ मिलिग्रॅम. त्यातला ढोबळ मानाने निम्मा अमोनियाच्या रूपात पाण्यात उतरतो. ४८ मिलिग्रॅम भागिले ४६ लिटर. दररोज लिटरमागे सुमारे एक मिलिग्रॅम. तो पचवणारे जिवाणू जागेवर आहेत तोवर पाणी आरशासारखं स्वच्छ दिसतं.

शनिवार ते मंगळवार

शनिवारी दुपारी टाकी धुवायला महिन्याला येणारा मुलगा आला होता. त्याने मन लावून काम केलं. मासे बादलीत काढले, पाणी सगळं उपसलं, रेती आणि स्पंज नळाखाली पाणी स्वच्छ निघेपर्यंत चोळून धुतले. मावशीने मला तो पांढराशुभ्र स्पंज कौतुकाने दाखवला. त्या सोसायटीत उन्हाळ्यात बोअरचं आणि टँकरचं पाणी येतं आणि वरच्या टाकीत ब्लीचिंग पावडर टाकतात. क्लोरीनच्या पाण्यात चोळलेल्या स्पंजावर जिवाणू राहत नाहीत. दोन महिन्यांत जी काही वस्ती धरली होती ती त्या दुपारी मोरीतून वाहून गेली.

शनिवार दुपार ते मंगळवार सकाळ, पावणेतीन दिवस. दररोज एक मिलिग्रॅम. माझ्या किटमध्ये अमोनिया तपासला तर नळीतलं पाणी गडद हिरवं झालं, लिटरमागे २ आणि ४ मिलिग्रॅम या दोन रंगांच्या मधलं. नायट्राइट शून्य, कारण त्या टप्प्यापर्यंत टाकी पोचलीच नव्हती. हिशेब आणि नळी दोघांचं म्हणणं एकच.

पण एवढ्यावर भागत नाही. पाण्यात अमोनिया दोन रूपांत असतो. एक आयन रूप, जे माशाला फारसं त्रास देत नाही, आणि दुसरं मुक्त अमोनिया, जे कल्ले जाळतं. दोघांचं प्रमाण पीएच, म्हणजे पाणी किती आम्ल किंवा अल्कधर्मी आहे ते, आणि तापमान ठरवतात. बोअरच्या पाण्याने टाकीचा पीएच ८.२ आला, पाण्याचं तापमान २९ अंश. या पाण्यात एकूण अमोनियाचा साधारण दहावा भाग मुक्त असतो. पीएच ७.२ असता तर तोच भाग शंभरातला एक-सव्वा असता. म्हणजे एखाद्या धरणाच्या मऊ पाण्यावर चालणाऱ्या घरात याच आकड्याला मासे कदाचित नुसते मलूल झाले असते. इथे मुक्त अमोनिया लिटरमागे ०.३ मिलिग्रॅमच्या आसपास होता, आणि ०.०२ च्या वर बराच काळ राहिला तरी कल्ल्यांना इजा होते.

त्यात सोमवारी रात्री वळीव कोसळला आणि दीड ते साडेचार वीज गेली. फिल्टर बंद, बुडबुडे बंद. २९ अंशांचं पाणी थंड पाण्यापेक्षा मुळातच कमी प्राणवायू धरतं, आणि भाजलेल्या कल्ल्यांना आहे तोही ओढता येत नाही. गोल्डफिश तर गार पाण्याचा मासा, उन्हाळ्यात त्याची धाप आणखी वाढते.

काकांनी विचारलं, "म्हणजे नेमकं कशाने झालं? धुण्याने, का लाइट गेल्याने?" मला वाटतं, हा प्रश्न प्रत्येक टाकीवाल्याने स्वतःला विचारावा. स्पंज नळाखाली धुणारे खूप आहेत आणि वीज सगळ्यांचीच जाते. कमी माशांची टाकी यातला एक धक्का सोसते, बहुतेक वेळा दोन्ही सोसते. मासे किती ठेवायचे ते टाकीच्या चांगल्या दिवसावरून ठरवलेलं होतं, आणि वाईट रात्र आली तेव्हा हाताशी काहीच शिल्लक नव्हतं.

त्या दिवशी

पहिलं काम एअर पंप लावण्याचं. मग निम्मं पाणी बदललं. बादल्यांत भरलेल्या पाण्यात क्लोरीन मारणारे थेंब घातले, हात बुडवून तापमान टाकीइतकं आहे हे पाहिलं आणि ताटलीवर धार सोडत सावकाश भरलं. अमोनिया दीडवर आला. संध्याकाळी पुन्हा तिसरा हिस्सा बदलला. सगळं पाणी एकदम बदलायचा मोह मावशीला होत होता, पण तळमळणाऱ्या माशाला आणखी एक झटका नको होता.

माझ्या टाकीतला स्पंज कात्रीने कापून निम्मा त्यांच्या फिल्टरमध्ये बसवला, उरलेला त्यांच्या टाकीतच पिळला. तपकिरी गढूळ लोट उठला. मावशीचा चेहरा पडला, एवढी स्वच्छ टाकी मी घाण केली म्हणून. तो गढूळपणा हेच औषध आहे, तासाभरात बसेल असं सांगितल्यावर ती शांत झाली. तीन दिवस खाणं पूर्ण बंद. मोठ्या माशाला तीन दिवस उपास सहज निभतो, पण हे तिला पटवणं सगळ्यात अवघड गेलं. उपाशी ठेवायचं कसं, हे ती दर दोन तासांनी विचारत होती.

आडवा पडलेला गोल्डफिश दुपारी गेला. पुढच्या चार दिवसांत आणखी दोन गोल्डफिश आणि एक गप्पी.

कोण कुठे गेलं

उरलेल्या अठरांची सोय लावायची होती. काका म्हणाले, मोठे मासे नदीत सोडू, निदान जगतील. भावना चांगली होती, पण मी ठाम नाही म्हटलं. सकर आपल्या देशाचा नाही, मूळ दक्षिण अमेरिकेतला. असाच कुणी कुणी सोडून देऊन तो आज आंध्रातल्या तळ्यांत आणि कोलकात्याच्या पूर्वेच्या पाणथळींत पसरला आहे. अंगावरच्या काटेरी कवचाने जाळी फाटतात, दुसरा मासा त्याला खात नाही, काठाच्या मातीत बिळं करून तो वाढतच राहतो. घरातली गर्दी नदीत नेऊन सोडणं हा पर्यायच नाही.

सकर आणि शार्क दुकानदाराने परत घेतले, पैसे न देता. घेतले हेच पुष्कळ. चार टायगर बार्ब माझ्या एका मैत्रिणीच्या चार फुटी टाकीत गेले. तिथे त्यांचेच दहा जण आधीपासून आहेत. हा मासा मोठ्या टोळीत आपसांत खोड्या काढतो आणि इतरांना सोडतो. मावशीकडे चारच असल्यामुळे त्यांनी गप्पींच्या शेपट्यांच्या झिरमिळ्या कुरतडून टाकल्या होत्या. पिल्लं मी घरी आणली.

गोल्डफिशचा प्रश्न नाजूक होता, कारण ते वास्तुशांतीचे. साताऱ्याजवळ मामाच्या घरामागे जुना सिमेंटचा हौद आहे, सहा बाय पाच, अडीच फूट पाणी. दोन हजार लिटरच्या वर. आंब्याची सावली, कमळाची पानं, आणि डासांच्या अळ्या हव्या तेवढ्या. मावशी स्वतः आली. मासे आदल्या दिवशी उपाशी ठेवले होते. पिशवीत एक भाग पाणी, दोन भाग हवा. हौदात पिशव्या अर्धा तास तरंगत ठेवल्या आणि मग थोडं थोडं पाणी मिसळून सोडलं. सहाही खाली गेले. काळा मात्र पानाखाली बराच वेळ थांबला आणि मावशी तो दिसेनासा होईपर्यंत काठावरून हलली नाही. गप्पीच्या तीन माद्याही तिथेच सोडल्या. मादी एकदा फळली की महिन्या-महिन्याला पिल्लं देते, आणि नर नसला तरी साठवलेल्या बीजावर कित्येक महिने देत राहते. टाकीत माद्या ठेवून गर्दी टाळता येत नाही.

पुन्हा नऊ

टाकीत उरले दोन गप्पी नर. जिवाणू जगवायला तेवढे पुरेसे होते. नवव्या दिवशी नायट्राइट दिसू लागलं, तेव्हा लिटरला एक ग्रॅम खडेमीठ विरघळवून घातलं. मिठातलं क्लोराइड नायट्राइटला कल्ल्यांतून आत शिरू देत नाही. सतराव्या दिवशी अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य.

मग नऊचा विचार. नऊ असावेत, आठ सोनेरी आणि एक काळा, एवढंच सांगितलेलं आहे. कुठला मासा ते कुठे सांगितलंय? मी हे म्हटल्यावर मावशीने थोडा विचार केला आणि म्हणाली, "तेही खरंच." बोअरच्या कठीण, चढ्या पीएचच्या पाण्यात प्लॅटी आणि मॉली खुशीत राहतात. निऑन किंवा एंजेलला मऊ पाणी भावतं, ते इथे ओढूनताणून आणले असते. ठरलं : सोनेरी प्लॅटी आठ, काळी मॉली एक, सगळे नर. नराचा पोटाखालचा पर निमुळता, काडीसारखा असतो, मादीचा पंख्यासारखा पसरट. दुकानात एकेक मासा पेल्यात घेऊन बघितला. पूर्ण वाढलेला प्लॅटी दोन इंच, अंगाने हलका. नवांचं मिळून वजन पूर्ण वाढलेल्या दोन गोल्डफिशांएवढंही भरणार नाही.

तेही एकदम नाही. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात तीन, दोन आठवड्यांनी तीन, आणखी दोन आठवड्यांनी दोन आणि मॉली. प्रत्येक वेळी आधी किटमध्ये शून्य बघून. गप्पी मी घेऊन आले. खाणं दिवसातून एकदा, दोन मिनिटांत संपेल एवढंच. टाकीवर मावशीच्या अक्षरात चिठ्ठी आहे, "खाणं दिलं आहे", कारण पूर्वी घरातला प्रत्येक जण येता-जाता चिमूट टाकायचा. रविवारी एक बादली, १४-१५ लिटर, पाणी बदलायचं. काढलेल्या पाण्यातच स्पंज दोनदा दाबायचा, नळाखाली नाही. बदललेलं पाणी तुळशीला आणि मोगऱ्याला जातं. टाकी धुवायला आता कुणी येत नाही. फिल्टरच्या शेजारी बॅटरीवरचा छोटा एअर पंप लटकवलेला आहे.

जुलैच्या शेवटी पावसात रात्री चार तास वीज नव्हती. पहाटे फोन वाजला तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. "काही नाही गं," मावशी म्हणाली, "बॅटरीचा पंप लावायला उठले होते. सगळे खालीच आहेत. आरामात फिरतायत. तुला सांगावंसं वाटलं."

सप्टेंबरात झाडामागे पुन्हा पिल्लं दिसली, पाच. काही प्लॅटी उशिरा वयात येतात, आणि आमच्या नरांमधला एक नर नव्हताच. पेल्यात घेतला तेव्हा इतका लहान होता की मलाही ओळखता आला नाही. मी जाळी घेऊन गेले आणि ती मादी, पिल्लं सगळी डब्यात घातली. टाकीत राहिले सात सोनेरी आणि एक काळा. त्याच संध्याकाळी नवा आणायचा का, असं मी विचारलं.

मावशीने टाकीकडे पाहिलं. "नाही," ती म्हणाली. "नीट मोठा झालेला, खात्रीचा नर मिळू दे. तोवर आठच राहू देत." तसा मिळायला तीन आठवडे लागले.